साठ वॅटची आई

बोईसरला उष्णतेचा तुटवडा आहे असं कुणी म्हणालं, तर ऐकणारा आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहील. इथे एमआयडीसीत रात्रंदिवस बॉयलर पेटलेले असतात, मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत माणूस नुसता बसल्या जागी शिजतो, आणि समुद्राच्या अंगाला तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, देशातलं पहिलं, १९६९ साली सुरू झालेलं. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्यांची रीत चुलीवरच्या आधणासारखी सरळ आहे. भट्टीच्या पोटातच पाणी उकळायचं आणि त्याच वाफेवर चक्र फिरवायचं. अणू फोडून पाणी तापवणाऱ्या या मुलखात मला चार पिल्लांपुरती ऊब हवी होती, आणि ती बाजारात कुणाकडे नव्हती.

दोष दुकानदारांचा नव्हता. "साठचा बल्ब द्या," मी म्हणायचो. "एलईडी घ्या काका. नऊ वॅटमध्ये तेवढाच उजेड." "उजेड नकोय हो मला." यावर एका दुकानदाराने हातातलं गिऱ्हाईक सोडून माझ्याकडे नीट पाहिलं. "गरम होणारा बल्ब हवाय," मी खुलासा केला. "गरम होतो म्हणून तर बंद झाला ना तो!" तो म्हणाला. खरंच होतं ते. जुना पिवळा बल्ब खाल्लेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत उधळायचा आणि उरलेल्यात जमेल तेवढं उजळायचा. उभा जन्म त्याने याच उधळपट्टीपायी बोलणी खाल्ली. अखेर नवापूर रोडवरच्या एका जुन्या दुकानात, माळ्यावरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून, धूळ झटकत एक साठ वॅटचा निघाला. दुकानदाराने तो होल्डरला लावून दाखवला. काचेतली तार उजळली, मी तळवा जवळ नेला, आणि तळव्याला ऊन लागलं. दुर्गुणाच्या जोरावर नोकरी मिळालेला उमेदवार मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पिल्लं मात्र न शोधता आली होती. पितृपक्ष नुकताच लागला होता, पाऊस जातो जातो म्हणत रेंगाळला होता, आणि आमच्या गल्लीत एक मोटरसायकल येऊन थांबली. मागच्या सीटवर जाळीची खोकी, खोक्यांत गुलाबी, हिरवा, जांभळा, केशरी असा कलकलाट. होळी उलटून सहा महिने झाले तरी अंगावरचा रंग न उतरलेली ही मंडळी पाहून आमची कन्या अंगणातच बसली. "बाबा, ही अंडी कधी देतील?" तिने विचारलं. माझ्याआधी पिल्लंवाल्यानेच उत्तर दिलं, "देतील की ताई, भरपूर देतील." त्याच्या आवाजात इतका विश्वास होता की माझी पत्नीही दारात येऊन उभी राहिली आणि अंड्यांची टोपली कुठे टांगायची याचा विचार करू लागली. चार रंगांची चार पिल्लं घरात आली. नावं ठेवायचे कष्ट नव्हते. गुलाबी, हिरवी, जांभळी आणि केशरी.

शेजारच्या मावशींनी कुंपणावरून एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "अंडी विसरा. हे सगळे कोंबडे आहेत." मावशींचं घर या गल्लीत सिमेंट येण्याआधीपासूनचं आहे आणि त्यांच्या परसात गावठी कोंबड्यांच्या किती पिढ्या नांदल्या याची नोंद त्यांनाही नसेल. पुढे कळलं ते असं, की अंडी देणाऱ्या जातींच्या उबवणी केंद्रात पिल्लू अंड्यातून निघालं की पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे काढतात. हाताएवढ्या गोळ्यात नर ओळखण्याची विद्या जपानी तज्ज्ञांनी गेल्या शतकात सिद्ध केली आणि जगभर नेली. माद्या पिंजऱ्यांकडे जातात. नर अंडी देत नाहीत, आणि मांसासाठी वाढवावेत तर अंगही लवकर धरत नाहीत, म्हणून बहुतेकांचा निकाल तिथेच लागतो. त्यातले काही मात्र रंगाच्या पाण्यात बुडून बाहेर पडतात आणि गल्लोगल्ली खेळणी म्हणून विकले जातात. म्हणजे आमच्या खोक्यात जे चार जीव चोच वर करून उभे होते ते जन्माच्या पहिल्याच परीक्षेत नापास झालेले होते. कन्येला हे सांगितलं नाही. ती अंड्यांची वाट पाहत होती आणि वाट पाहणाऱ्याला माहिती देऊन फायदा नसतो.

आता माझा धंदा सांगायला हवा. मी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटचा माणूस. रिॲक्टरमधलं तापमान सेट पॉइंटपासून दोन अंश हललं तरी पॅनेलवर अलार्म ओरडतो आणि मी धावतो. इतकी वर्षं हजारो लिटर माल ज्याने अंशाअंशाने सांभाळला, त्याला पुठ्ठ्याचं एक खोकं सांभाळणं काय अवघड? मी वाचून काढलं की पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश लागतात आणि मग दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी कमी करत जायचं. खोक्यात भाताचं तूस पसरलं, वर बल्ब टांगला, कडेला थर्मामीटर लावला आणि वाडा कोलमची कणी बशीत घातली. सगळं कागदाप्रमाणे झालं. पिल्लांनी आधी थर्मामीटरवर चोची मारून तो आडवा केला, मग कणी बशीबाहेर उधळली, आणि मग सगळी मिळून बल्बच्या बरोब्बर खाली एकमेकांवर चढून ओरडू लागली. मी थर्मामीटर उभा केला. काटा म्हणत होता, सगळं ठीक आहे. पिल्लं म्हणत होती, नाही.

"काट्याकडे काय बघताय भाऊ, पिल्लांकडे बघा," मावशी म्हणाल्या. "दिव्याखाली गठ्ठा करून ओरडतायत, म्हणजे थंडी वाजतेय. कोपऱ्यात पळून चोच उघडून धापा टाकायला लागली, म्हणजे शिजतायत. सगळ्या खोक्यात सैल पसरून बसली, की बरोबर." मी बल्ब दोन बोटं खाली केला. थोड्या वेळाने ओरडणं थांबलं आणि गठ्ठा सुटला. बल्ब आणखी खाली करून पाहिला, तर सगळी भिंतींना चिकटली. पुन्हा बोटभर वर घेतला. मग पिल्लं हळूहळू पसरली, एक कणीकडे गेलं, एक तुसात पोट टेकून बसलं, आणि खोक्यातून एक बारीक, सलग गुणगुण यायला लागली. ती तक्रार नव्हती, ती हजेरी होती. थर्मोकपल बसवण्यात माझे केस पांढरे झाले, पण दोन पायांवर फिरणारं, स्वतःहून बोलणारं मापक मी तोवर पाहिलं नव्हतं. माणसाने हा शहाणपणा पूर्वी कमावलाही होता. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपासून मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवत. तिथे थर्मामीटर नव्हता. तिथला कारागीर अंडं उचलून डोळ्याच्या मिटल्या पापणीला लावायचा आणि ऊब पुरेशी आहे की नाही ते सांगायचा. शरीरातली सगळ्यात नाजूक कातडी त्याने या कामाला लावली, यात मला नुसती हुशारी दिसत नाही. अंड्याला विचारायचं तर अदबीने विचारावं, असं काहीतरी दिसतं.

त्यानंतर सेकंड शिफ्ट करून आलो की हात-पाय धुऊन मी खोक्याशी बसू लागलो. पिल्लू झोपतं कसं, हे बघण्यासारखं असतं. ते झोपायला जात नाही. चालता चालता, कणी टिपता टिपता त्याचे डोळे खालून वर मिटतात, मान थोडी लांबते, आणि वाक्य अर्धवट सोडून ते जागच्या जागी तोंडघशी पडतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकला. बोट लावलं तर ते रागावून उठलं, दोन पावलं चाललं आणि पुन्हा पडलं. चोचीच्या टोकावर एक पांढरा, खडबडीत ठिपका असतो, कवच फोडण्यासाठी दिलेलं हत्यार. काही दिवसांत तो ठिपका आपोआप गळून पडला. आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम पहिल्याच दिवशी उरकलं की हत्यार जवळ ठेवायचं कशाला? आपल्याकडे मात्र दहावीची गुणपत्रिका साठी उलटली तरी लोखंडी कपाटात असते.

याहून मोठी गंमत पिल्लाच्या पोटात असते. बाहेर पडण्याच्या जरा आधी अंड्यातला उरलेला बलक ते पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर त्याचे दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून निघू शकतात. ही सोय का, तर कोंबडी एकवीस दिवस रवणीवर बसलेली असते आणि सगळी अंडी एकाच घटकेला फुटत नाहीत. आधी आलेल्याला भूक लागली आणि आई त्याच्यामागे दाणे टिपायला उठली, तर मागे राहिलेली अंडी गार पडतील. म्हणून पहिल्याला सांगून पाठवलेलं असतं, की बाबा रे, धाकटी येईपर्यंत दम धर, खायचं तुझ्यापाशी आहे. एवढी मायेची योजना माणसाच्या नजरेला आली आणि त्याने काय केलं? एक दिवसाची पिल्लं भोकांच्या खोक्यांत भरून रेल्वेने, विमानाने देशोदेशी पाठवायला लागला. प्रवासात खायला घालावं लागत नाही, हा त्याला दिसलेला अर्थ. धाकट्या भावंडासाठी दिलेली सवड आपण भाड्याच्या हिशेबात धरली.

दुपारी खोकं अंगणात ठेवावं तर पितृपक्षातले कावळे. एरवी ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही असे हे पाहुणे त्या पंधरवड्यात गल्लीचे जावई असतात. समोरच्या कौलांवर घास ठेवून कुणी "काव काव" म्हणून हाका घालतंय, पलीकडे कुणी आजोबांच्या आवडीचं आठवून पानात वाढतंय, आणि मी मधल्या अंगणात काठी आपटून कावळे हाकलतोय, असं दृश्य रोज होतं. पिल्लू उचलायला कावळ्याला क्षण पुरतो. पण पलीकडच्या घरी सासऱ्यांच्या तिथीला घास शिवेना, सगळे ताटकळले, आणि तिथल्या काकूंनी कुंपणापाशी येऊन मला अत्यंत सौजन्याने विचारलं, "भाऊ, अर्धा तास काठी खाली ठेवाल का? आमचे मामंजी तुमच्या काठीला घाबरतायत." मी पिल्लांवर डालगं पालथं घातलं, वर दगड ठेवला आणि आत गेलो. मामंजी आले, जेवले, जाताना डालग्यावर बसून आत डोकावून गेले. जिवंतपणीही ते चौकस होते म्हणे.

आणि मग एका संध्याकाळी विजा कडाडल्या, आभाळ फाटलं आणि लाईट गेली. साठ वॅटची आई जागच्या जागी विझली. काही मैलांवर अणू फुटत होते, त्या विजेवर कुठल्या तरी दूरच्या शहरात जिने सरकत असतील, आणि आमच्या खोक्यात अंधारात तो आवाज सुरू झाला, उंचावरून खाली घसरत येणारा, एकसारखा. गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून ठेवली. ती निवली की दुसरी. पत्नी चुलीशी, कन्या खोक्याशी, मी खिडकीशी. मध्यरात्र उलटली आणि आवाजांतला एक कमी झाला. जांभळी तुसात कुशीवर पडली होती, पाय लांब करून, अगदी त्या अर्धवट सोडलेल्या वाक्यासारखी. बोट लावलं, पण ती रागावली नाही.

मावशी कंदील घेऊन आल्या, त्यांनी काही विचारलं नाही. "आणा इकडे उरलेली," म्हणाल्या. त्यांची एक तांबडी कोंबडी खुडूक होऊन खुराड्यात बसली होती. मावशींनी अंधारातच एकेक पिल्लू मुठीत घेऊन तिच्या पोटाखाली सरकवलं. "आत्ताच ढकलायची. उजेडात दिसली तर टोचेल. रात्रभर पोटाखाली राहिली की सकाळी विचारत नाही कुणाची ते." कोंबडीने एकदा घशात घरघर केली, पंख थोडे उचलले, आणि खाली घेतले. आवाज बंद झाला. तीन पिल्लांचा तो सगळा आकांत कुणी झाकण लावावं तसा मिटला.

इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली तीन दिवसांच्या पिल्लांवर प्रयोग केले. संख्या लहान असेल तर पिल्लं डावीकडे वळतात आणि मोठी असेल तर उजवीकडे, असं त्यांना आढळलं. म्हणजे अंकांची पट्टी कुणी न शिकवता पिल्लाच्या डोक्यात असते. हे वाचलं तेव्हा मला त्या रात्रीची आठवण झाली. चार होतो आणि तीन आहोत, हे त्यांना कळलं असेल. कन्येने सकाळी केळीच्या बुंध्याशी जांभळीला पुरलं आणि वर तुळशीच्या मंजिऱ्या ठेवल्या. पितृपक्षच होता. तिने कावळ्यासाठी कणीही ठेवली.

त्याच सकाळी पाऊस थांबला होता आणि आमच्या गल्लीत वरात निघाली. पुढे मावशींची तांबडी, मान ताठ, पंख किंचित फुलवलेले, आणि मागे एक गुलाबी, एक हिरवं, एक केशरी. शाळेला निघालेली पोरं थांबली, दूधवाला थांबला. कोंबडीला यात काही वावगं दिसत नव्हतं. माती उकरायची, "टुक टुक" करून बोलवायचं, आणि टिपायचं काय ते चोचीने दाखवायचं. आठवडाभर मी बशीत कणी वाढत होतो, पण ती कशी शोधायची हे मला कुठे शिकवता येत होतं? घारीची सावली जमिनीवरून सरकली की तिच्या एका आवाजात तिन्ही रंग पंखाखाली गडप व्हायचे. इथून डहाणूच्या बाजूला कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आयुष्य वेचलं. ढोरं वळायला जाणारी, भावंडं सांभाळणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात आणि कुरणात जावं, हे त्यांनी करून दाखवलं. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेलं ते काम पुढे अंगणवाडीच्या रूपाने देशभर पोचलं. तांबडीचा वर्ग पाहताना मला वाटे, या दोघींनी आदिवासी पाड्यांवर मुलांइतकंच कोंबड्यांनाही नीट पाहिलं असणार.

वारली भिंतींवर अशी कोंबडी आणि पिल्लं शेकडो वर्षांची ओळखीची आहेत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली, अंगणात दाणे टिपणारी. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही भिंत कागदावर आणली आणि जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत एकच रंग असतो, पांढरा, आणि तोही तांदळाचा. तोच तांदूळ भिंतीवर पिल्लू होतो आणि अंगणात पिल्लाच्या पोटात जातो. आमची गुलाबी-हिरवी वरात त्या भिंतीवर कुणी काढली नसती, पण तिला पांढरं व्हायला फार दिवस लागले नाहीत. पिसं फुटली, रंगीत लव गळली, आणि तिघंही एकसारखे शुभ्र निघाले. नावं राहिली, पण ती कुणाची ते कुणालाच सांगता येईना. कन्या मात्र ठामपणे "हा हिरवा" म्हणते आणि तो पांढरा कोंबडा त्या नावाला मान वळवतो.

संक्रांतीच्या सुमारास पहिली बांग झाली. ती अर्ध्यातच फाटली, आणि स्वतः बांग देणाराच दचकून इकडेतिकडे पाहू लागला. आता मात्र सराव झाला आहे. कंपनीचा भोंगा पहाटेच्या शिफ्टला बोलावतो, त्याच्याआधी आमचे तिघे बोलतात. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कोंबडे खरोखर अंधुक उजेडात कोंडून पाहिले. पहाट कधी होते हे त्यांना आतूनच कळत होतं. पुढे याच संशोधकांनी हेही दाखवलं की पहिली बांग देण्याचा मान कळपातल्या सगळ्यात वरच्या कोंबड्याचा असतो, बाकीचे पायरीने मागून देतात. आमच्यात पहिला मान गुलाबीचा आहे, असं कन्या म्हणते. येणारे-जाणारे पाहुणे तिघांकडे पाहून "आता तयार झालेत" म्हणतात, आणि पत्नी तेवढ्यात चहा ठेवायला आत जाते. अंडी अजून मावशींकडूनच येतात.

तुम्हाला घरी पिल्लं पाळायची असतील तर जरूर पाळा. शेजारीपाजारी कुणाची गावठी कोंबडी खुडूक झाली आहे का ते आधी विचारा, कारण ती असेल तर बल्ब शोधावा लागत नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मानमोडीच्या लसीचं, म्हणजे पहिल्या आठवड्यातल्या त्या डोळ्यातल्या थेंबाचं विचारा. पिल्लांना हात लावल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा, खोक्यावर रात्री जाळी घाला, लाईट जाईल हे धरूनच चाला. ऊब बरोबर आहे का हे पिल्लं कशी बसलीत त्यावरून ठरवा. आणि मोटरसायकलवरची रंगीत पिल्लं, मूल कितीही हट्टाला पेटलं तरी, विकत घेऊ नका. घेणारे आहेत म्हणून रंगवणारे आहेत.